रामकिशन कंपाउंडर आणि नसलेला वाचक

देवणीच्या ढोरांच्या दवाखान्यात रामकिशन सूर्यवंशी नावाचा माणूस होता. सरकारी कागदावर त्याचा हुद्दा काही वेगळाच असेल, पण गावानं त्याला कंपाउंडर केलं ते कायमचं. डॉक्टर कधीमधी उदगीरहून यायचे. बाकीच्या दिवशी दवाखाना म्हणजे रामकिशन. माझं सायकलचं दुकान बरोबर समोर, त्यामुळे पंक्चर काढता काढता मी त्याचा सगळा कारभार बघायचो. माझी नातवंडं म्हणतात, आजोबा, तुम्ही सांगायला बसलात की मूळ गोष्ट बाजूला राहते. राहू द्या. गोष्ट काही पळून जात नाही.

एकदा एक पुढारी आपला वळू घेऊन आले. त्यांना प्रदर्शनासाठी दाखला पाहिजे होता, की हा वळू अस्सल देवणी जातीचा आहे. जनावर खरंच देखणं होतं. रामकिशननं त्याचे कान बघितले, खांदा बघितला, भोवती फिरून शेपूट बघितलं आणि लिहून दिलं, "वळू देखणा आहे. देवणी नाही."

पुढारी तडकले. "लिवायला काय जातंय रे तुझं?"

"माझं काय जात न्हाई मालक. उद्या ज्याच्या गाईला हा लावताल, त्याचं जातंय."

पुढाऱ्यांनी बदलीची धमकी दिली. रामकिशन म्हणाला, "करा, पण जिथं ढोरं हायत तिथंच करा." मी इकडे सायकलच्या चाकामागे तोंड लपवून हसत होतो.

हे बोलायला सोपं वाटतं. पण रामकिशनचा बाप लिंबाजी. छप्पनच्या साली धम्म घेतला आणि त्या दिवसापासून गावाची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, म्हणून गावानं त्याचं जगणं अवघड करून टाकलं होतं. त्याच गावात पोरगा जिवंत ढोरांवर हात ठेवायला लागला. सुरुवातीला लोक गोठ्यात घेताना कचरायचे. बैल दारात आणायचे, पण उंबऱ्याच्या आत या म्हणायचे नाहीत. पुढं हळूहळू असं झालं, की रामकिशन म्हणाला "विका" तर विकायचं आणि म्हणाला "ठेवा" तर ठेवायचं. ही अशी कमाई. बापाला मिळाली नव्हती, पोरानं शब्दावर मिळवली. पुढचं सगळं कळायचं तर एवढं ध्यानात ठेवा.

तर उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला होता, त्याला थोडी वर्षं झाली होती. पाट्या नव्या, जीपगाड्या नव्या, साहेब नवे. जिल्हा नवा आणि दुष्काळ मात्र जुनाच. त्या साली मृगात जेमतेम शिंतोडे पडले. लोकांनी घाईघाईनं ज्वारी पेरली, ती गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच करपून थांबली. नदीला वाळू, विहिरीला गाळ, आणि गोठ्यात हंबरडा.

त्याच सालच्या उन्हाळ्यात, मृगाच्या आधीच, रामकिशननं पुस्तक लिहिलं होतं. दुपारी दवाखान्यात कुणी नसलं की लिहायचा आणि संध्याकाळी माझ्या दुकानात वाचून दाखवायचा. नाव साधं, 'दुष्काळात जनावर कसं जगवावं'. जनावराची तहान कातडी चिमटून कशी ओळखायची, कडबा कापून ओलवून कसा पुरवायचा, कुठला पाला चालतो, कुठला चालत नाही. आणि एक प्रकरण होतं खुंटलेल्या ज्वारीचं. पाण्यावाचून करपलेल्या कोवळ्या ज्वारीत विष उतरतं, जनावराला त्यात तोंड घालू देऊ नका, घास पोटात गेला की दोन-तीन तासांचा खेळ. ऐकताना गिऱ्हाइकं सायकल विसरून उभी राहायची.

पुस्तक छापलं उदगीरच्या साहेबरावांनी. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा छापखाना होता, आणि तिथूनच ते एक साप्ताहिक काढायचे. उदगीर, निलंगा, पलीकडं नांदेड जिल्ह्यात देगलूर, मुखेडपर्यंत ते जायचं. साहेबराव दिलदार माणूस. बोलायला लागले की हातातलं पान तोंडात जायचंच विसरायचं. नव्या जिल्ह्याचं त्यांना भारी कौतुक. जिल्हा आपला, मग लेखक आपला पाहिजे, कवी आपला पाहिजे, असं त्यांचं चाललेलं.

पुस्तकाचे गठ्ठे आणायला मी रामकिशनबरोबर गेलो होतो.

"रामकिशनराव," साहेबराव म्हणाले, "छापणं सोपं हाय, खपवणं अवघड. अभिप्राय पायजेत. वाचकांचे."

"मंग वाचू द्या की लोकांस्नी. वाचतील अन् सांगतील."

"तवर दुष्काळ सरंल! मी उभे करतो चार वाचक."

"उभे करतो म्हंजे? माणसं हायत का खांब?"

"नाव मी देतो, गाव मी देतो, मत बी मीच देतो. तुमी फकस्त हाव म्हणा. अहो समदेच करतेत. मोठमोठ्या पुस्तकांच्या पाठीवर ते गोड गोड छापलेलं असतंय, ते काय आभाळातून पडतंय?"

रामकिशननं हातातलं नवंकोरं पुस्तक उलटंसुलटं केलं. वर त्याचं नाव छापलेलं होतं. लिंबाजीचं नाव मधोमध. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला आणि हसला. "लिवा मग. लई चढवू नका पर."

एवढंच. पुढं तो जन्मभर म्हणायचा, माझी चूक तिथं झाली, साहेबरावाची नंतर.

पुढच्या अंकात चार पत्रं आली. त्यातलं औरादच्या कुणा सिद्रामप्पाचं पत्र सगळ्यात बहारदार. "हे पुस्तक म्हणजे मुक्या जनावरांची माय आहे" वगैरे. रामकिशनची बायको पंचशीला बालवाडीत शिकवायची. तिनं ते वाचलं आणि विचारलं, "हा सिद्रामप्पा कोण?"

"साहेबरावचा माणूस."

"मला बी भेटवा एकदा. इतकं गोड बोलणारा माणूस आपल्या घरी कधी आला न्हाई."

"तू बी ना," म्हणून रामकिशन हसला, पण तिच्याकडं बघून नाही हसला. ती काही हसत नव्हती.

पण पुस्तक खपायला लागलं ते खरं. बाजारात लोक मागून घ्यायला लागले. लातूरच्या जिल्हा कचेरीतून चिठ्ठी आली, की पंधरा ऑगस्टला जिल्ह्यातल्या लेखकांचा सत्कार आहे, तुम्ही यावं, आणि पुस्तक जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत पाठवायचा विचार आहे. पंचशीलानं पांढरा सदरा धुऊन निळीत घातला. आम्ही सगळे खूश. सगळ्यात खूश साहेबराव. त्यांच्याकडं सिद्रामप्पाची चौकशी व्हायला लागली होती! लोक विचारायचे, काय म्हणतो तुमचा औरादवाला? मग साहेबरावांना राहवेना. पुढच्या अंकात त्यांनी सिद्रामप्पाला पुन्हा लिहायला लावलं.

आता गंमत बघा, म्हणजे तेव्हा गंमत नव्हती. साहेबरावांनी पुस्तक छापलं होतं, वाचलं नव्हतं. त्यांनी अनुक्रमणिका उघडली, त्यात 'खुंटलेली ज्वारी' असं प्रकरण दिसलं, आणि लिहून टाकलं: "माझी ज्वारी खुंटली होती. पुस्तकाप्रमाणे ती बेधडक बैलांना चारली. बैल असे तगडे झाले, की शेजारच्या गावाहून माणसं बघायला येतात."

तो अंक आमच्या देवणीत यायच्या आधी वलांडीकडच्या एका वस्तीवर पोचला. तिथं श्रीमंत आणि केवळाबाई हे नवराबायको. घरची थोडी जमीन, आणि एक बैलजोडी. वानेरा जातीची, पांढरी शुभ्र, काळ्या तोंडाची. केवळाबाईनं ती वासरापासून वाढवलेली. श्रीमंतनं हॉटेलात अंक वाचला, घरी येऊन सांगितलं, आणि दोघांनी विळा घेऊन करपलेली ज्वारी कापली.

मला आठवतंय ते श्रीमंतचं दवाखान्याच्या पायरीवर येऊन पडणं. सायकल एकीकडं, तो एकीकडं. रामकिशननं पिशवी उचलली आणि माझी दुकानातली सायकल काढली. मी मागच्या सायकलवर. पोचलो तेव्हा दोन्ही बैल थरथरत होते. तोंडाला फेस, नाकपुड्या फुगलेल्या. एक गुडघ्यावर आलेला, दुसरा कुशीवर. दवाखान्यात त्या विषावरचं औषध एकाच जनावरापुरतं उरलं होतं.

रामकिशन सुई भरून थांबला. "वैनी, कोनता?"

केवळाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "कोनता म्हंजे? दोन्ही माझेच हायत ना बाबा."

त्यानं मग विचारलं नाही. गुडघ्यावरच्या बैलाच्या मानेतली शीर धरली. मला ओरडला, "वलांडीला फोटोवाल्याकडं जा, हायपो माग!" फोटो धुवायचा तो हायपो, तो या विषावर चालतो, हे मला तेव्हा कळलं. मी जी सायकल हाणली ती आयुष्यात परत हाणली नाही. हायपो घेऊन आलो तेव्हा गुडघ्यावरचा उभा राहिला होता. कुशीवरचा गेला होता, आणि उभा राहिलेला त्याला चाटत होता.

केवळाबाई रडली नाही. रामकिशनपुढं अंक टाकून म्हणाली, "तुमच्या पुस्तकात हाय म्हणून चारली, कंपाउंडर दादा."

"पुस्तकात न्हाई, वैनी. पुस्तकात उलटं हाय."

"मंग ह्यो मानूस लबाड हाय का?"

रामकिशननं ते पत्र वाचलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकणार नाही. "ह्यो मानूसच न्हाई," तो म्हणाला. "ह्यो नसलेला मानूस हाय. अन् मला ठावं होतं."

ती उठली, आणि उरलेल्या बैलाला मेलेल्यापासून दूर नेऊन बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही उदगीरला. साहेबरावांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते खुर्चीत बसले आणि हातातलं पान टेबलावर ठेवलं. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. पण लगेच डोकं चालायला लागलं.

"पुढल्या अंकात टाकतो, 'मुद्रणदोष'. 'चारली'च्या जागी 'चारली नाही' वाचावं."

"मुद्रणदोष न्हाई तो साहेबराव. सिद्रामप्पा न्हाईच, असं छापा. चारी वाचक न्हाईत. जिथं पत्र आलं तिथंच छापा, तेवढ्याच अक्षरात. अन् लेखकाला ठावं होतं, हे बी."

"याड लागलं का? माझं साप्ताहिक बुडंल. तुमचा सत्कार जाईल. पुस्तक दवाखान्यांत जाणार, ते बी जाईल. चांगलं पुस्तक हाय, त्याचं वाटोळं तुमच्याच हातानं?"

"चांगलं हाय का?"

"मंग!"

"वाचलंय तुमी?"

मशीनवरचा माणूस आमच्याकडं पाठ करून हात पुसायला लागला.

"हे बघा," रामकिशन म्हणाला, "माझा बाप ढोर ओढायचं न्हाई म्हणाला तवा त्याच्या मागं कोण बी नव्हतं. मला गोठ्यात घेतेत ते माझ्या शब्दावर. तुमी माझा शब्द दुसऱ्याच्या नावानं इकला, अन् मी इकू दिला. आता तुमी छापा न्हाई तर न्हाई. मी सांगणार."

"कुठं सांगताल? लातूरला, सत्काराच्या मंडपात?"

"मंडपात ढोरं येतेत का?"

नाही येत. ढोरं येतात बाजारात. तो अंक जिथं जिथं गेला होता तिथल्या रानांत करपलेली ज्वारी उभी होती, आणि रोज कुणीतरी विळा घेत असणार. रामकिशनला तीच धास्ती होती. त्यानं त्याच दिवशी आसपासच्या दवाखान्यांना निरोप धाडले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजार धरले. पंधरा ऑगस्टला लातूरला लेखकांचा सत्कार झाला तेव्हा आमचा लेखक देगलूरच्या बाजारात एका बैलगाडीवर उभा होता. सदरा तोच, पंचशीलानं निळीत घातलेला. तिनंच सकाळी काढून दिला. म्हणाली, "सत्काराला घालायचा होता, मग तिथं बी हाच घाला."

आमच्या बाजाराची एक रीत आहे. बोटांनी भाव ठरवायला रुमालाखाली हात जायच्या आधी विकणाऱ्यानं जनावराची खोड सांगायची. मारकं आहे, बसकं आहे, उजव्या बाजूनं जुंपू देत नाही, जे असेल ते मोठ्यानं. ज्याला एकही खोड नाही असं सांगितलं, त्या जनावराला शहाणा माणूस हात लावत नाही. रामकिशननं गाडीवरून पुस्तक वर धरलं आणि बैलाची सांगावी तशी त्याची खोड सांगितली. याचे छापून आलेले वाचक खोटे आहेत. ज्वारी चारायचं पत्र खोटं आहे, त्यानं वलांडीकडं एक बैल गेला. खुंटलेली ज्वारी चारू नका. हे पुस्तक घेतलं असेल त्यानं परत आणून द्यावं.

बाजारच तो. गप्प कशाला बसेल!

"कंपाउंडर, पुस्तक इकायला आलाव का परत न्यायला?"

"सिद्रामप्पा आला न्हाई का संगं? लई तगडे बैल हायत म्हणे त्याचे!"

"दम लागला आसंल, पत्रं लिवून लिवून!"

हशा चालू होता. दोघंतिघं पुस्तक गाडीत फेकून गेले. एकजण शिवी देऊन गेला, ती जातीवरून होती. रामकिशननं ती ऐकली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी शेजारी उभा होतो, मला वाटत होतं आता घरी जावं.

तेवढ्यात नागम्मा नावाची म्हातारी पुढं आली. एक म्हैस विकायला आणली होती तिनं. कन्नडमिश्रित बोलायची. म्हणाली, "वाचणारा खोटा, ते कळलं की रे तम्मा. पुस्तक कसं हाय?"

"ते मी कसं सांगू अव्वा? मी लिवलंय."

"मग वाच की. मी सांगते."

रामकिशन गाडीच्या जुवावर बसला आणि वाचायला लागला. पहिल्या पानापासून. लोक हसत हसत थांबले, काही गेले, काही नव्यानं आले. आणि मग सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. पानापानाला बाजार अडवायचा. कडबा ओलवायला सांगता, प्यायलाच पाणी न्हाई तर ओलवू कशानं? कोणी म्हणे, तुमी सांगितलेला पाला आमच्याकडं मिळतच न्हाई. नागम्मा म्हणाली, "गाईचं सगळं लिवलं, म्हशीचं काहीच न्हाई. म्हशीला उन्हाची तहान येगळी असते. पुस्तक अर्धं हाय तुझं." रामकिशन मध्येच थांबायचा, विचारायचा, "नाव काय तुमचं? गाव?" आणि पुस्तकाच्याच कडेला लिहून घ्यायचा. खुंटलेल्या ज्वारीचं प्रकरण आलं तेव्हा मात्र कुणी अडवलं नाही. ते त्यानं परत वाचलं.

देगलूर झालं, मुखेड झालं, हाळीचा बाजार झाला. प्रत्येक ठिकाणी तेच. आधी खोड, मग टवाळी, मग वाचन. दवाखान्याची सुट्टी संपली तेव्हा बिनपगारी घेतली. पंचशीला म्हणाली, "घर चालतंय, तुमी चला." त्यानंतर कुठं ज्वारीनं बैल गेल्याचं आमच्या कानावर आलं नाही. गेला नसेलच असं मी म्हणत नाही, कानावर आलं नाही एवढंच.

उदगीरात मात्र साहेबरावांचं बाहेर फिरणं अवघड झालं. चहाला बसले की कुणीतरी विचारायचं, "सिद्रामप्पा बरा हाय ना? बैल तगडेच हायत का अजून?" एसटीत कंडक्टरनं विचारलं. सख्ख्या व्याह्यानं जेवताना विचारलं! शेवटी एक दिवस ते स्वतः देवणीला आले, माझ्या दुकानातल्या बाकावर बसले आणि रामकिशनला म्हणाले, "सांगा, काय छापू." त्यानं सांगितलं तसं छापलं, त्याच जागी, त्याच अक्षरात. साप्ताहिक बुडालं नाही. खप थोडा वाढलाच म्हणतात, पण ते जाऊ द्या.

लातूरहून पुन्हा बोलावणं काही आलं नाही. पुस्तक दवाखान्यांतही गेलं नाही त्या साली. रामकिशननं ते परत लिहिलं, म्हशीसकट. दुसरी आवृत्ती काढायची ठरली तेव्हा साहेबराव जरा भीत भीत म्हणाले, "पाठीवर कोरं सोडू का?"

"कोरं कशाला? अभिप्राय टाकायचेत. खरे. ज्यांनी ऐकलंय त्यांचे."

त्यातला पहिला त्याला केवळाबाईचा पाहिजे होता. आम्ही दोघं गेलो. शेजाऱ्याचा एक बैल आणि हिचा एक, असं वारंगुळ्यानं त्यांनी रान नांगरलं होतं. केवळाबाईनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. रामकिशननं अख्खं पुस्तक तिला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत ऐकत होती. एकदाही मान हलवली नाही. संपल्यावर तो म्हणाला, "तुमाला जे वाटंल ते सांगा वैनी, तेच छापतो. वाईट बी चालंल."

"माफ केलं असं म्हणून घ्यायला आलाव का?"

"न्हाई. पुस्तकाचं सांगा."

तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "लिवा. पुस्तक कामाचं हाय. लिवणारा उशिरा बोलला. खाली माझं नाव टाका, केवळाबाई, अन् गाव बी टाका. कुणाला इचारायचं असंल तर घरी येऊन इचारू द्या."

साहेबरावांनी ते वाचलं आणि म्हणाले, रामकिशनराव, पहिलं वाक्य ठेवू, दुसरं काढू, जागा कमी पडते. रामकिशन कंपोझिटरच्या शेजारी स्टूल ओढून बसला, आणि दोन्ही वाक्यांचे खिळे जुळवून होईपर्यंत तिथून उठला नाही.